पुलाला पाणी किती? आणि इंग्लिशमधला ‘द’

मागच्या महिन्यात ट्युशनला दहावीतल्या एका पोरानं निबंध लिहून आणला, विषय ‘माय संडे’. पहिलंच वाक्य, ‘ऑन द संडे आय वेन्ट टू द सांगली विथ द माय फादर.’ तीन ‘द’, तिन्ही चुकीचे. पुढच्या ओळीत बघते तर ‘वी सॉ ब्रिज, वॉटर वॉज हाय’, म्हणजे जिथं दोन्हीकडं ‘द’ पाहिजे होता तिथं एकही नाही. म्हणलं, ‘का रे, वर एवढे घातलेस आणि खाली संपले का?’ तर म्हणतो, ‘तसं न्हाई मॅडम, पहिल्या वाक्यात द असला की इंग्लिश भारी वाटतंय.’

हसू आलं, पण खरं सांगायचं तर आपण मोठी माणसंसुद्धा हेच करतो. भडंगात शेंगदाणे टाकल्यासारखे मूठभर ‘द’ टाकायचे, कुणाच्या घासात किती येतील ते नशीब. ऑफिसचा मेल असो, बायोडेटा असो, बँकेला लिहिलेला अर्ज असो. आणि हा शब्द टाळून पुढं जाताही येत नाही, कारण इंग्लिशमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द हाच. अमेरिकेतल्या ब्राउन युनिव्हर्सिटीत १९६१ साली छापून आलेल्या मजकुराचे नमुने गोळा करून सुमारे १० लाख शब्दांचा साठा केला होता, त्यात जवळजवळ ७० हजार वेळा एकटा ‘द’ निघाला. म्हणजे दर चौदा-पंधरा शब्दांमागं एक. एवढ्या वेळा लागणारी गोष्ट अंदाजपंचे वापरायची म्हणजे अवघड आहे.

शाळेत शिकलो ते अडतं कुठं

व्याकरणात ‘द’ला डेफिनिट आर्टिकल म्हणतात, म्हणजे नामाच्या आधी येऊन ‘ही ठरलेली, ओळखीची वस्तू आहे’ असं सांगणारा शब्द. ‘अ’ आणि ‘ॲन’ हे न ठरलेल्याचे. एवढं नाव एकदा ऐकून सोडून द्या, पुढं मी नुसतं ‘द’ आणि ‘अ’ म्हणणार.

आमच्या वेळी इंग्लिश पाचवीपासून होतं, २००० सालापासून ते पहिलीपासून आलं, पण ‘द’ शिकवायची पद्धत काही बदलली नाही. नद्यांना लावा, समुद्रांना लावा, डोंगररांगांना लावा, धर्मग्रंथांना लावा, पेपरच्या नावांना लावा, जगात एकच असलेल्या गोष्टीला लावा. ही यादी पाठ करून रिकाम्या जागा भरल्या की मार्क पडायचे. नियम चुकीचे नाहीत, पण मला सांगा, सूर्य, चंद्र, गंगा आणि रामायण यांच्याबद्दल आपण दिवसातनं किती वेळा बोलतो? आपण बोलतो ते किल्ली कुठं ठेवली, बिल भरलं का, मोटर चालू कर, साहेब आले का, याबद्दल. आणि ‘किल्ली’ कुठल्याच यादीत नसते.

आयर्विन पुलावर उभं राहून बघू

सांगलीत पावसाळ्यात एकच प्रश्न असतो, ‘पुलाला पाणी किती झालं?’ यातला पूल कोणता हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. कृष्णेवरचा आयर्विन पूल, १९२९ सालचा. ४० फुटाला इशारा, ४५ फुटाला धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यासारखे पाठ असतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा तर पूल हा शब्दसुद्धा गळून पडला होता, फोनवर पहिलं वाक्य ‘किती झालं?’ आणि समोरचा लगेच आकडा सांगायचा.

आता हेच वाक्य तुम्ही नागपूरच्या पाहुण्याला टाकलं, ‘पुलाला पाणी किती?’, तर तो म्हणेल, ‘कोणत्या पुलाला?’

झालं. ‘द’चा सगळा खेळ या एका ‘कोणत्या’वर आहे. सांगलीच्या माणसाला इंग्लिशमध्ये सांगताना ‘द ब्रिज’ म्हणा, कारण तो ‘कोणता’ विचारणार नाही. नागपूरच्या पाहुण्याला पहिल्यांदा सांगताना ‘देअर इज अ ब्रिज ऑन द कृष्णा’ म्हणा, म्हणजे ‘कृष्णेवर एक पूल आहे’, त्याला आधी पूल दाखवा, मग पुढं ‘द ब्रिज’ म्हणत बसा. पूल तोच, दगड तेच, पाणी तेच. बदलला तो ऐकणारा.

इथंच शाळेतल्या शिकवण्यात खोट राहते असं माझं मत आहे. आपल्याला वाटतं ‘द’ हा वस्तूचा गुण आहे, म्हणजे वस्तू मोठी, महत्त्वाची, एकमेव असली की ‘द’. तसं नाही. ‘द’ ही समोरच्याला केलेली खूण आहे, ‘कोणता ते तुझ्या लक्षात आलंय ना, मग पुढं ऐक’ अशी. गंजलेल्या खिळ्यालाही ‘द’ लागू शकतो, फक्त कोणता खिळा ते दोघांना माहीत पाहिजे. साताऱ्यात कुणी ‘सकाळी किल्ल्यावर जातो’ म्हणला की तो अजिंक्यतारा, जिल्ह्यात किल्ले कितीही असू देत. ‘द फोर्ट’ म्हणायला त्याला जगात एकच किल्ला असायची गरज नाही, त्या बोलण्यात एकच असला की झालं.

तीन दिवस खाणारा ‘द’

माझा आतेभाऊ तासगाव भागात बेदाण्याचा व्यापार करतो, त्याचे परदेशी मेल बऱ्याचदा मी लिहून देते. दोन वर्षांपूर्वी एका नवीन गिऱ्हाइकाशी हिरव्या बेदाण्याबद्दल बोलणं चालू होतं, मध्येच भाऊ म्हणला, ‘ताई, पिवळ्याचे पण सॅम्पल टाकलेत बघ कुरिअरला, तेवढं कळव.’ मी घाईत लिहिलं, ‘वी हॅव सेंट द सॅम्पल्स.’ आता त्या माणसानं काय समजायचं? सॅम्पलबद्दल बोलणं झालं होतं ते हिरव्याचं, आणि ‘द’नं त्याला सांगितलं की ज्याबद्दल बोललो तेच. पार्सल फोडल्यावर पिवळे निघाले, त्याला वाटलं माल बदलला. तीन दिवस मेलामेली, भावाचे फोन, ‘अगं तू काय लिहिलंस काय?’ मी नुसतं ‘सम सॅम्पल्स ऑफ यलो रेझिन्स’ लिहिलं असतं तर विषयच नव्हता. चूक शब्दाची नव्हती, त्या माणसाच्या डोक्यात आत्ता काय आहे ते मी बघितलंच नव्हतं.

म्हणून आता ट्युशनमध्ये मी एकच चाळणी देते. वाक्य मनात म्हणा, समोरचा माणूस डोळ्यासमोर आणा. तो ‘कोणता? कुठला?’ असं विचारेल का? विचारणार असेल तर ‘द’ नको, विचारणार नसेल तर ‘द’ घाला. ‘प्लीज स्विच ऑन द मोटर’, घरात एकच मोटर, कोण विचारतंय? ‘आय बॉट अ मोटर’, त्याला माहीतच नाही कोणती, तर ‘अ’. सगळ्यात पहिला, शेवटचा, सगळ्यात मोठा, एकमेव, तोच, यांना ‘द’ का लागतो तेही यातच आलं, कारण पहिला एकच असतो, ‘कोणता पहिला?’ असं कोण विचारणार. ‘द फर्स्ट’, ‘द बेस्ट’, ‘द ओन्ली’, ‘द सेम’.

‘पण मराठीत असलं काही नाहीच ना, मग आपल्याला जमणार कसं?’

हे मला दर बॅचला ऐकायला मिळतं. मराठीत ‘द’ला शब्द नाही हे खरं. संस्कृतात नाही, हिंदीत नाही, लॅटिनमध्ये नव्हता, रशियनमध्ये नाही. पण शब्द नाही म्हणजे समज नाही असं थोडंच आहे?

ही दोन वाक्यं बघा. ‘आम्ही मुलगी बघायला चाललोय.’ आणि ‘आम्ही मुलीला बघायला चाललोय.’ पहिल्यात पोहे आहेत, दुसऱ्यात दवाखाना नाहीतर हॉस्टेल. नुसत्या ‘ला’नं केवढा फरक झाला. पहिली मुलगी अजून कोण ते ठरलेलं नाही, दुसरी कोण ते दोघांना पक्कं माहीत आहे. पहिलीला इंग्लिशमध्ये ‘अ गर्ल’, दुसरी ‘द गर्ल’. तसंच ‘डॉक्टर शोधतोय’ म्हणजे कुणीही चालेल, ‘डॉक्टरांना शोधतोय’ म्हणजे ते आत्ता राऊंडला आले होते ते गेले कुठं. निर्जीव वस्तूंना ही ‘ला’ची सोय सहसा चालत नाही, पण माणसं आणि जनावरं यांच्याबाबतीत आपण दिवसभर हे न चुकता करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

शब्दांच्या जागेनंही करतो. ‘दारात कुत्रा बसलाय’ आणि ‘कुत्रा दारात बसलाय’. पहिल्या वाक्यातला कुत्रा कुणाचा काय माहीत, हाकलायला काठी घेऊन जाल. दुसऱ्यातला घरचा, नाव सुद्धा असेल त्याचं. इंग्लिशमध्ये पहिला ‘अ डॉग’, दुसरा ‘द डॉग’. म्हणजे जी गोष्ट आपण जागा बदलून, ‘ला’ लावून, नाहीतर सरळ गप्प बसून सांगतो ती इंग्लिशवाला तोंडानं बोलून दाखवतो. ‘किल्ली दे’ म्हणताना आपण जे गृहीत धरतो, त्या गृहीत धरण्याला त्यांनी एक शब्द दिलाय, बास.

मग काही जण म्हणतात, ‘द’ म्हणजे आपला ‘तो’ असंच समजायचं का? जवळपास, पण पूर्ण नाही. मुळात इंग्लिशचा ‘द’ जुन्या इंग्लिशमधल्या ‘तो, ती, ते’ दाखवणाऱ्या शब्दांच्याच घरातला, ‘दॅट’चा सख्खा भाऊ, पुढं झिजून झिजून त्यातलं बोट दाखवणं गेलं आणि नुसती खूण उरली. फ्रेंचमध्येही तसंच झालं, लॅटिनमध्ये ‘तो’ असा अर्थ असलेला शब्द झिजून त्यांचा ‘ल’ झाला. पण प्रत्येक ‘द’चं भाषांतर ‘तो’ करायला गेलात तर ‘तो सूर्य उगवला, तो दूधवाला आला’ असं नाटकातल्यासारखं मराठी होतं.

पहिल्यांदा ‘अ’, दुसऱ्यांदा ‘द’, एवढं सोपं असतं तर

हा नियम बऱ्याच पुस्तकात असतो. ‘देअर वॉज अ किंग. द किंग हॅड...’ गोष्टीत राजा पहिल्यांदा आला की ‘अ’, मग ‘द’. बरोबर आहे, पण अर्धा.

समजा तुम्ही सांगताय, ‘काल साताऱ्याला जाताना एसटी घाटात बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरला, इंजिन तापलेलं, टायर पण बसलेला, कंडक्टर म्हणाला मागच्या गाडीत बसा.’ इंग्लिशमध्ये सांगताना बस पहिल्यांदा ‘अ बस’. ड्रायव्हर पण पहिल्यांदाच आलाय ना गोष्टीत? तरी तो ‘द ड्रायव्हर’. कंडक्टर ‘द कंडक्टर’, इंजिन ‘द इंजिन’. का, तर बस म्हणलं की तिच्याबरोबर हे सगळं आपोआप डोळ्यासमोर येतं, एक ड्रायव्हर, एक कंडक्टर, एक इंजिन. लग्न म्हणलं की नवरदेव, नवरी, भटजी, आचारी हे आलेच, त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. पण टायर? एसटीला सहा चाकं. त्यातलं कोणतं? ऐकणाऱ्याला माहीत नाही, म्हणून ‘अ टायर’. एकाच बसमधलं इंजिन ‘द’ आणि टायर ‘अ’. ही गोष्ट ज्याला पटली त्याला ‘द’ साठ टक्के आला असं मी समजते, बाकीचा सराव.

सगळ्यात जास्त होणारी चूक: द्राक्षं आणि हळद

आपल्या भागातल्या माणसानं इंग्लिशमध्ये लिहिलेलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा असं असतं, ‘द ग्रेप्स आर गुड फॉर हेल्थ.’ चूक. जगातल्या सगळ्या द्राक्षांबद्दल, द्राक्ष या गोष्टीबद्दलच बोलायचं असेल तर अनेकवचन करा आणि ‘द’ काढा, ‘ग्रेप्स आर गुड फॉर हेल्थ’. ज्याचं अनेकवचन होत नाही, म्हणजे हळद, दूध, गूळ, पाणी, पैसा, प्रेम, शिक्षण, त्याला नुसतंच लिहा, ‘टर्मरिक इज यलो’, ‘एज्युकेशन इज इम्पॉर्टंट’. ‘द एज्युकेशन’, ‘द लाईफ’, ‘द सोसायटी’ हे आपल्या निबंधातले हमखास गडी, सगळ्यांना घरी पाठवा.

‘द’ कधी येतो? ठरावीक पाटीतली द्राक्षं असली की. पाटी समोर आहे, तुम्ही एक तोंडात टाकलं, ‘द ग्रेप्स आर सावर’, ही आंबट आहेत. किंवा मागं शेपूट लावून तुम्हीच ठरवून दिलं, ‘द टर्मरिक यू सेंट लास्ट वीक’, मागच्या आठवड्यात पाठवली ती हळद. मात्र मागं ‘ऑफ’ नाहीतर ‘फ्रॉम’ दिसला की डोळे झाकून ‘द’ असंही नाही. ‘टर्मरिक फ्रॉम सांगली इज फेमस’ यात ‘द’ नसला तरी चालतं, कारण सांगलीची हळद म्हणजे काही एक ठरावीक पोतं नाही. मार्केट यार्डात गेल्यासारखा विचार करा. हळदीचा भाव विचारताय की या पोत्याचा? हळदीचा भाव असेल तर हळदीला ‘द’ नको, हे पोतं असेल तर ‘द’.

शाळेत जाणं आणि शाळेत जाऊन भांडणं

पोरगं रोज शाळेला जातं, ‘ही गोज टू स्कूल’, ‘द’ नाही. आई सरांना भेटायला शाळेत गेली, ‘शी वेन्ट टू द स्कूल’, ‘द’ आहे. पहिल्यात शाळा म्हणजे शिकणं, दुसऱ्यात शाळा म्हणजे ती इमारत, ते गेट, तो शिपाई. चोर ‘इन प्रिझन’, त्याला डबा घेऊन जाणारा ‘ॲट द प्रिझन’. झोपायला जाणं ‘गो टू बेड’, पण चादर झटकायला गेलात तर ‘द बेड’. गंमत म्हणजे हॉस्पिटलच्या बाबतीत इंग्रजांचं आणि अमेरिकनांचंच जमत नाही. ॲडमिट असलेल्या माणसाला इंग्रज म्हणतो ‘इन हॉस्पिटल’, अमेरिकन म्हणतो ‘इन द हॉस्पिटल’. आपली पुस्तकं जुन्या इंग्रजी वळणाची, त्यामुळं परीक्षेत पहिलं लिहा, सिरियल बघताना दुसरं ऐकू आलं तर घाबरू नका.

ही सवलत मोजक्याच जागांना आहे पण. बँक, ऑफिस, स्टेशन, पोस्ट, देऊळ यांना रोज गेलात तरी ‘द’ लागतो, ‘गो टू द बँक’. इथं कुणी म्हणेल, मॅडम तुमची चाळणी फेल गेली, कोणती बँक ते समोरच्याला कुठं माहीत आहे? बरोबर आहे, माहीत नाही, पण तो विचारत पण नाही ना. ‘बँकेत जाऊन येतो’ म्हणल्यावर घरचं कोण शाखेचं नाव विचारतं? आणि ‘होम’ला काहीच नाही, ‘गो होम’.

नावांचा गोंधळ, आणि त्यातून निघालेलं राजकारण

माणसाच्या, गावाच्या, बहुतेक देशांच्या नावाला ‘द’ नको. नाव म्हणजेच ओळख, सांगली म्हणलं की कोणती सांगली असं कोण विचारतंय, मग परत खूण कशाला? म्हणून ‘द सांगली’ नाही. ‘द माय फादर’ पण नाही, कारण नामाच्या पुढं खुर्ची एकच असते, तिच्यावर ‘माय’ बसला, ‘युवर’ बसला, ‘धिस’ बसला की ‘द’नं उभं राहायचं नाही, सरळ बाहेर जायचं.

मग नद्यांना का? तर ‘द कृष्णा’ म्हणजे मुळात ‘द कृष्णा रिव्हर’, शेवटचा शब्द पडला, पुढचा राहिला, असं धरा. ‘द कोयना’, ‘द वारणा’, ‘द अरेबियन सी’. तळ्यांना मात्र नाही, महाबळेश्वरचं ‘वेण्णा लेक’ बिनाचं. एकटं शिखर असलं तर नाही, ‘माउंट एव्हरेस्ट’, आणि रांग असली तर आहे, ‘द वेस्टर्न घाट्स’. इथं एक धागा सापडतो बघा, अनेकवचनी नावांना ‘द’ लागतो. ‘द नेदरलँड्स’, ‘द फिलिपिन्स’, ‘द आल्प्स’. आपल्याकडं ‘पाटील मंडळी आली का?’ म्हणतो ते इंग्लिशमध्ये ‘द पाटील्स’. आणि नावात ‘अमुक ऑफ तमुक’ असलं की पण ‘द’. ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ नुसतीच, पण ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’.

छोट्या नावांचंही ऐका. अक्षरं सुटी वाचत असाल तर ‘द’, म्हणजे ‘द आरबीआय’, ‘द सीबीआय’, ‘द यूएन’. शब्दासारखं सलग वाचत असाल तर नाही, ‘इस्रो’, ‘नासा’, ‘युनेस्को’. कंपन्या आणि कॉलेजं यात बसत नाहीत, ती आपापली चालतात.

युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा बऱ्याच जणांनी नोटीस केलं असेल, जुन्या पुस्तकात ‘द युक्रेन’ दिसतं आणि बातम्यांत नुसतं ‘युक्रेन’. इंग्लिशमध्ये प्रदेशांना ‘द’ लावायची पद्धत होती. इंग्रज ‘द पंजाब’ लिहायचे, ‘द कोंकण’ लिहायचे, ‘द डेक्कन’ तर अजून लिहितात. युक्रेन सोव्हिएत संघात होता तोवर तेही तसंच चाललं, पण १९९१ला देश स्वतंत्र झाल्यावर त्यांचं म्हणणं पडलं की आम्ही कुणाचा तरी एक भाग नाही, देश आहोत, ‘द’ काढा. आणि निघाला. यातली मजा अशी की युक्रेनियन भाषेत आपल्यासारखाच ‘द’ नावाचा शब्दच नाही.

वाद्यांना ‘द’, खेळांना नाही, हे एक नुसतं पाठच करा. मिरजेत सतार बनते, ती वाजवणारा ‘प्लेज द सितार’, आणि शेजारच्या मैदानावर खेळणारा ‘प्लेज कबड्डी’. का, तर तशी वहिवाट पडलीय. हल्ली बरेच जण वाद्यांनाही ‘द’ लावत नाहीत, पण बोर्डाच्या पेपरात तो धोका नको.

‘नाही लावला तर काय बिघडतंय? कळतंय की.’

बहुतेक वेळा कळतं, हे मी मान्य करते. ‘आय ॲम गोइंग टू बँक’ म्हणलात तर कुणी अडवणार नाही. पेपरच्या हेडलाइनीतही ‘द’ गाळलेलाच असतो, तिथं जागा वाचवायची असते. त्या वाचून इंग्लिश शिकलेल्यांचे ‘द’ कायमचे गळतात हा माझा अनुभव, बातमी खालपर्यंत वाचा की जरा.

पण काही ठिकाणी बिघडतं. ‘डू यू हॅव टाइम?’ म्हणजे तुम्हाला वेळ आहे का. ‘डू यू हॅव द टाइम?’ म्हणजे किती वाजले. स्टँडवर अनोळखी बाईला घड्याळातली वेळ विचारायची होती आणि ‘द’ खाल्ला, तर पुढचं तुम्ही बघा. ‘इन द फ्रंट ऑफ द बस’ म्हणजे बसमध्ये पुढच्या बाजूला, सीटवर. पहिला ‘द’ गाळला की तुम्ही बसच्या समोर, रस्त्यात उभे.

आणि जास्तीचा लावला तर? तो कमी लावण्यापेक्षा जास्त त्रासाचा, असं मला तरी वाटतं. कारण समोरचा शोधत बसतो, कोणता म्हणाला हा, माझ्याकडनं काही वाचायचं राहिलं का. आमच्या बेदाण्याचं तेच झालं.

‘द’ का ‘दि’?

जाता जाता हेही. पुढच्या शब्दाचा पहिला आवाज व्यंजनाचा असला की ‘द’, स्वराचा असला की ‘दि’. आवाज बघायचा, स्पेलिंग नाही. ‘दि अवर’, कारण पहिलं अक्षर मुकं आहे. ‘द युनिव्हर्सिटी’, कारण सुरुवात ‘य’नं होते. आमदार असो वा खासदार, ‘दि एमएलए’, ‘दि एमपी’, दोघांनाही सारखाच मान. आपल्याकडं जुन्या सहकारी बँकांच्या आणि सोसायट्यांच्या पाट्यांवर सरसकट ‘दि’ लिहिलेलं असतं, पुढं व्यंजन असलं तरी. त्या पाट्या वाचत मोठे झालेले आमचे वडील सगळीकडं ‘दि’च म्हणायचे. लिहिताना दोन्ही एकच, त्यामुळं लेखी परीक्षेत याची काळजी नाही.

तर तो निबंधवाला पोरगा. परवा पावसामुळं मला पोचायला वीस मिनिटं उशीर झाला, आत आले तर बोर्डावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं, ‘द टीचर इज लेट टुडे.’ वर्गात टीचर एकच, कोणती असं कुणी विचारलं नसतं. ‘टुडे’च्या आधी काही घातलं नव्हतं. मी खडू घेऊन ‘द’वर बरोबरची खूण केली. ‘लेट’चं स्पेलिंग मात्र त्यानं ‘जाऊ दे’ वाल्या ‘लेट’चं लिहिलं होतं.